मापाडीमामांचे सात किलो

वडवणीला मी बदलून गेलो तेव्हा माझ्याजवळ एक लोखंडी ट्रंक आणि एक वळकटी एवढंच सामान होतं. खोली दाखवायला आलेल्या घरमालकांनी माझ्याशी बोलण्याआधी ट्रंकेची कडी धरली, ती वीतभर उचलली, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा खाली ठेवली.

"बावीस किलो," ते म्हणाले. "सर, तुमी नुसती पुस्तकंच आणलीत. खाणार काय?"

ट्रंकेत खरोखरच पुस्तकं होती. वजन मी काही पडताळून पाहिलं नाही. पण पुढे सहा वर्षं त्या माणसाच्या घरात राहिल्यावर आज मी शपथेवर सांगू शकतो की ती ट्रंक बावीस किलोचीच असणार.

सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. त्यांची एकुलती एक लेक तेवढी आबा म्हणायची. ती बंगळूरला नोकरीला होती, तिकडेच तिने लग्न करून संसार मांडला होता. घरात मामा आणि मामी दोघंच. मामा बाजार समितीत मापाडी होते. आडतीवर आलेला शेतकऱ्याचा माल मोजून देणं हे मापाड्याचं काम. माल विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही त्याच्या शब्दावर मान डोलवायची असते. त्यामुळे मापाडी एकतर फार लबाड होतो किंवा फार कडक. मामा इतके कडक होते की आडतवाले त्यांना चहासुद्धा विचारत नसत. घेणारच नाहीत हे ठाऊक असायचं.

धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. मामांच्या हाडात ही रीत इतकी भिनली होती की माझ्या खोलीच्या पायऱ्या चढतानाही ते पुटपुटत, "लाभ, दोन, तीन..." पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि मामांच्या हाताला काम उरलं नाही. काट्यांवर त्यांचा राग नव्हता.

"काटा बरा असतो सर. काटा मारणारा वाईट असतो," ते म्हणायचे.

"आणि हात?"

"हात खोटं बोलत न्हाई."

बाजारातून मोकळा झालेला तो हात मग गल्लीभर फिरू लागला. माझा गॅसचा सिलिंडर महिन्यातून एकदा ते विचारल्याशिवाय उचलून बघत आणि सांगत, "आजून अकरा दिवस. पाव्हणे आले तर आठ." शाळा सुटली की फाटकाशी उभे राहून पोरांची दप्तरं उचलत आणि सगळ्यांदेखत मला झापत. "पाच किलो! सर, गाढवावर वझं टाकताना तरी मानूस इचार करतो." गल्लीत मूल जन्मलं की बाळंतीण सव्वा महिन्याने त्याला मामांच्या हातात आणून द्यायची. मामा बाळाला दोन्ही तळव्यांवर घेत, डोळे मिटत, पापणी लवते न लवते तोवर आकडा सांगत आणि बाळ परत देत. दवाखान्याच्या कार्डावरचा आकडा आणि त्यांचा आकडा यांत फरक पडला तर आया कार्ड चुकलं म्हणत.

हा माणूस विमानाच्या नादी लागला तो एका शेजाऱ्यामुळे. शेजारी मेंढ्यावाला. मुलगा सैन्यात लागला, दिल्लीला होता, त्याने बापाला स्वस्तातलं विमानाचं तिकीट पाठवलं. हा गडी गेला आणि परत आल्यावर लिंबाच्या पारावर बसून रडकुंडीला येऊन सांगू लागला. विमानतळावर बॅग जास्त भरली म्हणून पैसे घेतले. कागद छापून दिल्याचे पैसे घेतले. विमानात पाणी मागितलं तर त्याचेही पैसे घेतले. आणि पोरासाठी नेलेलं घरचं सुकं खोबरं, अख्खी पिशवी, तिथल्या पोरीने बाजूला काढून ठेवली. ते विमानात चालतच नाही म्हणे, ना हातात, ना खालच्या सामानात.

मला वाटलं मामा हळहळतील. ते भडकले.

"न मोजता गेलतास कावून बे?"

"मला काय म्हाईत मामा, तिथं बी काटा असतोय."

"जिथं पैसं घेतेत तिथं काटा असतोयच. मेंढरं मोजून सोडतोस ना रानात? मग बॅग कावून न्हाई?"

दुसऱ्या दिवशी ते ऑनलाइन सेंटरवर गेले आणि त्या विमान कंपनीचे सामानाचे सगळे नियम छापून आणले. इंग्रजी होते ते माझ्याकडून वाचून, मराठीत लिहून घेतले. वहीला पुठ्ठा घातला. पोथी वाचावी तशी ती वही ते दररोज सकाळी चहाबरोबर वाचायचे. महिन्याभरात त्यांना एवढं तोंडपाठ झालं की चार वेगवेगळ्या कंपन्यांचे नियम ते झोपेतही गोंधळ न करता सांगू शकले असते. मी वर्गात व्याकरणाचे नियम शिकवत होतो, पण माझ्या एकाही विद्यार्थ्याने ते इतक्या प्रेमाने पाठ केले नाहीत.

मग लोक येऊ लागले. आधी गल्लीतले, मग गावातले, मग घाटनांदूरहून, धर्मापुरीहून. कुणाचा मुलगा हैदराबादला, कुणाची सून दिल्लीला, कुणी आयुष्यात पहिल्यांदा काशीला निघालेलं. अंगणातल्या लिंबाला मामांचा जुना तराजू टांगलेला होता, पण तो समोरच्याची खात्री पटावी म्हणून. मामा आधी हाताने उचलत, आकडा सांगत, मग तराजूला लावत.

हातातल्या सामानाला विमानात सातच किलो चालतात, म्हणून पहिली बंदी त्यांनी चाकाच्या बॅगांवर घातली. लोक हौसेने नवीकोरी कडक बॅग घेऊन येत, मामा ती रिकामी उचलत.

"बारदान्यातच तीन किलो गेलं," ते म्हणत. पोत्याचं स्वतःचं वजन म्हणजे बारदाना, मालाच्या वजनातून ते वजा करायचं असतं. "सातातले तीन गेले तर माल काय नेणार, चिंचोके?"

मग ते कापडी पिशवी काढायला लावत. सुकं खोबरं पहिल्यांदा बाहेर. पुढे लोणचं आणि चटणीची पूड बाहेर, हातातल्या पिशवीत चालत नाही. पाण्याची बाटली न्यायची, पण रिकामी; आत तपासणी झाली की नळावर भरून घ्यायची. धपाटे न्यायचे, विमानातलं काही मागायचं नाही. आदल्या दिवशीच ऑनलाइन सेंटरवरून चेक-इनची हजेरी लावून कागद छापून घ्यायचा. तिकीट काढताना सेंटरवाल्याच्या मागे मामा स्वतः उभे राहत आणि पडद्यावर आपोआप झालेल्या खुणांवर बोट ठेवत.

"ही कसली खूण?"

"विमा हाय मामा."

"काढ. ही?"

"जेवन."

"काढ. आन ही?"

"जागा निवडायची. खिडकीची पायजे आसंल तर येगळे पैसे."

"काढ बे. कुठं बी बसलं तरी एकाच टायमाला उतरतेत."

नाव आधारकार्डाप्रमाणे एकेक अक्षर बोटाने मोजून घेत. एका आजीबाईंचं आडनाव चुकलं होतं तर त्यांनी सेंटरवाल्याला भर दुपारी जेवणावरून उठवून आणलं. माणूस हेकट होता, हे मी मान्य करतो. एखाद्याने पिशवीत लपवून काही घातलं आणि ते हाताला कळलं, तर मामा त्याला दहा जणांत उघडं पाडत. एका म्हाताऱ्याने नातवासाठी घेतलेलं लोखंडी खेळणं पिशवीच्या तळाशी लपवलं होतं, ते ओढाताणीत काढताना म्हाताऱ्याचं धोतरच सुटलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

त्यांची सर्वांत मोठी करामत म्हणजे बंडी. शिंप्याकडून त्यांनी जाड कापडाची एक बंडी शिवून घेतली होती, आतून बाहेरून मिळून चौदा खिसे. "अंगावरच्या कापडाला वजन न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. चार्जर, औषधं, चष्मा, चपलांचा जोड, वेळ पडली तर किलोभर शेंगदाणे, सगळं त्या खिशांत. जो प्रवासाला निघेल त्याला ती बंडी उसनी मिळायची आणि आल्यावर धुऊन परत द्यायची. ती दिल्लीला जाऊन आली, काशीला जाऊन आली, हैदराबादला तर सात-आठ वेळा. मामा मात्र कधी विमानात बसले नव्हते.

त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत मी एकदा पाहिलं आहे. बचत गटाच्या नऊ बायका दिल्लीला प्रदर्शनात पापड आणि कुरडया विकायला निघाल्या होत्या. मामांनी नऊही पिशव्या उचलून पास केल्या होत्या. जीपमधून त्यांना सोडायला मामा आणि मी गेलो. बायका आत गेल्या, आम्ही काचेच्या बाहेर. पाच मिनिटांत अध्यक्षबाईंचा फोन.

"मामा, घात झाला. समद्यांच्या पिशव्या आर्धा आर्धा किलोनं जादा भराय लागल्यात. पैसे भरा म्हनत्यात."

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता, दुखावलेला होता.

"समद्यांच्या आर्धा किलो?"

"व्हय. एकदम सारख्या."

"मग पिशव्या न्हाई, काटा चुकलाय. बाई, तिथं दुकान आसंल. एक लिटरची पान्याची बाटली घ्या. बंद, सील असल्याली. ती काट्यावर ठिवा आन त्या पोराला म्हणा, वाच."

फोन चालूच होता. आतला गलका ऐकू येत होता. मग एकदम नऊ बायकांचं हसू.

"दीड किलो दावतोय मामा!"

"लिटरभर पानी दीड किलो कवापासून झालं, इचारा त्याला."

त्या पोराने त्यांना शेजारच्या काट्यावर नेलं. तिथे नऊच्या नऊ पिशव्या मामांच्या आकड्याप्रमाणे भरल्या. काचेतून बायका हात हलवत होत्या. मामांनी खिशातून शेंगदाणे काढले, निम्मे मला दिले आणि जीपकडे चालू लागले. मी मोठ्या माणसांच्या सत्कारांना गेलो आहे, पण कुणाबद्दल इतका अभिमान वाटल्याचं आठवत नाही.

ह्या सगळ्या प्रकारात एकच प्रवासी मामांना दाद देत नव्हता, आणि ती म्हणजे मामी.

लेक केव्हापासून म्हणत होती, तुम्ही दोघं इकडे या, तिकिटं मी काढते. मामांनी तयारी सुरू केली. मामींची पिशवी त्यांनी चार वेळा भरली, चार वेळा रिकामी केली. लिंबाखाली दोन खुर्च्या मांडून पट्टा कसा लावायचा ते साडीच्या काठाने बांधून शिकवलं. मामी सगळं हसत करत. पण एका गोष्टीवर त्या अडून बसल्या.

"मला तुमच्याशेजारीच बसायचं हाय. आन खिडकीपाशी."

"जागा निवडली की पैसे पडतेत."

"पडू द्या."

"गावाला सांगतो, भरू नका. आन माझ्याच घरात भरू? दीड तासाचा परवास. तू म्होरं बस, मी मागं बसतो. उतरल्यावर हायेच की सोबत."

"मी भिईन एकटी. अनोळखी मानसांत मला न्हाई बसायचं."

लेकीने पैसे भरते म्हटलं तर मामा म्हणाले, भरलेस तर मी येणार नाही. हा वाद कडू नव्हता. दोघं तो रोज नव्याने घालायची आणि मला पंच नेमायची. मी मास्तरकीला शोभेल असं दोघांनाही बरोबर म्हणून सुटायचो. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिकीट काही निघालं नाही. लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मामींनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. मग त्यांचं दुखणं निघालं. बीडच्या दवाखान्यात तीन आठवडे होत्या. गेल्या. शेवटचे धावदोरे त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवर बसून घातले होते.

लेक आली, तेराव्यापर्यंत राहिली, जड पावलांनी परत गेली. मामा अंगणात बसून असायचे. दोन महिन्यांनी बाजार समितीच्या ओट्यावरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं राहिलं होतं. पिशव्या घेऊन लोक येत. मामा त्यांना टांगलेल्या तराजूकडे बोट दाखवत.

"हात गेला बाबा. आता सांगत न्हाई काय."

मी एकदा मुद्दाम सिलिंडर पुढे केला. त्यांनी कडी धरली, अर्धवट उचलला आणि मान हलवली. मला वाईट वाटलं. दोन दिवसांनी ते सहज जाता जाता म्हणाले, "नंबर लावून ठिवा सर." मी लावला. त्यानंतर चौथ्या दिवशी भाजी फोडणीला टाकतानाच शेगडी विझली. मी तो योगायोग समजलो. मास्तर लोकांची हीच पंचाईत, पुस्तकात असेल तेवढंच दिसतं.

बंगळूरला नात झाली. लेक रोज फोन करायची. या ना आबा. मामा एकच उत्तर देत.

"मोडक्या हातानं येऊन काय करू? पोरीला उचलता यायचं न्हाई. सटकली बिटकली तर?"

मेमध्ये सुट्टी लागली. माझी बहीणही बंगळूरलाच असते, तिच्याकडे जायचं मी ठरवलं. तिकीट स्वस्तातलं, हातातल्या सात किलोपलीकडे काही न्यायचं नाही असं. मामांना कळलं तेव्हा ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले.

"एवढं लेकीला पोचवाल का?"

त्यात वाकळ होती. मामींनी शेवटच्या उन्हाळ्यात केलेल्या शेवयांचा डबा होता. कुरडया होत्या. लेक तान्ही असताना जिच्यातून दूध प्यायली ती पितळी वाटी, तेव्हा तिच्यासाठी मामींनी शिवलेली झबली आणि मामींचा पूजेचा छोटा तांब्या. मामा एकेक वस्तू हातात घेत, पुसत आणि आत ठेवत. "लाभ, दोन, तीन..."

"आणि माझे कपडे?" मी विचारलं.

"अंगावर घाला. दोन शर्टं, दोन पँटी. वरून बंडी."

"मामा, मे महिना आहे."

"इमानात गार असतंय," विमानात कधी न बसलेला माणूस मला म्हणाला.

मग त्यांनी पिशवी उजव्या हाताने उचलली. कित्येक महिन्यांनी मी त्यांना डोळे मिटताना पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

"सात," ते म्हणाले. "बरोबर सात. तराजूला लावायची गरज न्हाई."

मला बरं वाटलं. हात परत आला, असं मी मनात म्हटलं. तराजूला लावू या का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. ते त्यांचा अपमान करण्यासारखं झालं असतं.

पुण्याच्या विमानतळावर दोन शर्ट, दोन पँटी आणि चौदा खिशांची बंडी घालून घामाने निथळत मी काउंटरशी उभा राहिलो. मुलीने पिशवी काट्यावर ठेवायला सांगितली. ठेवली. आठ किलो सहाशे.

पैशाचं काही नव्हतं, कार्ड खिशात होतं. पण मामांचा हात खरोखर गेला होता, हे त्या लाल आकड्यांनी मला सांगितलं. तरी मी डोळ्यांनी पाण्याची बाटली शोधली. मग पिशवी शेजारच्या काट्यावर ठेवून बघितली, तिथेही तेच. काट्यात खोट नव्हती.

"सर, जादाचे पैसे भरा किंवा काहीतरी काढा," ती मुलगी म्हणाली.

मामांच्या अंगणातून गेलेल्या एकाही माणसाने आजवर जादाचा पैसा भरला नव्हता. पहिला मी ठरणार होतो, तेही त्यांच्या घरात राहून, त्यांच्या लेकीचं सामान नेताना. मी पिशवीचं तोंड उघडलं. काय काढणार? शेवया? वाटी? मग मला मामांचं ब्रह्मवाक्य आठवलं. मी वाकळ बाहेर काढली, उलगडली आणि अंगाभोवती लपेटली. पाच पदरी, जाड, साडेतीन किलोची. पुन्हा पिशवी काट्यावर ठेवली. पाच किलो शंभर.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"थंडी वाजते," मी म्हणालो. कपाळावरून घाम गळत होता.

तिने काय विचार केला कोण जाणे. हसू दाबत तिने चिठ्ठी बांधली आणि मला जाऊ दिलं. तपासणीच्या ठिकाणी ती वाकळ मशिनमधून काढून पुन्हा मला दिली गेली. विमानात मी मधल्या जागेवर बसलो, दोन्हीकडचे लोक अंग चोरून. पण खरं सांगतो, त्या वाकळीला मामींच्या घराचा वास होता. मला ती काढावीशी वाटली नाही.

बहिणीकडे जाण्याआधी मी मामांच्या लेकीकडे गेलो. दार उघडताच तिने मला वाकळीत पाहिलं आणि हसता हसता रडायला लागली. वाकळीचा एक कोपरा धरून ती कितीतरी वेळ धावदोरे चाचपत उभी होती. तेवढ्यात मामांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकून मधे ठेवला.

"पोचलं का सामान, सर?"

"पोचलं मामा. सगळं."

"किती भरली पिशवी?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला दारातच सगळं सांगितलं होतं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

"सात," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात तशी. बरोबर सात."

पलीकडे मामा खाकरले.

"सर," मामा म्हणाले, "तुमी मास्तर मानूस. खोटं माप कावून सांगता?"

"नाही मामा, खरंच..."

"साडेआठ भरली आसंल. जरा वरच."

मी अडखळत विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"उचलली तवाच कळलं."

"मग सात का म्हणालात?"

"साडेआठ म्हणलं आसतं तर तुमी म्हणला आसता, मामा, दीड किलो काढा. काय काढू त्यातलं? समदं तिच्या हातचं." त्यांचा आवाज खाली आला. "पस्तीस वर्सांत एकदाच खोटं माप सांगितलं सर. माफ करा. किती पैसे पडले, मी देतो."

"एकही पडला नाही. वाकळ अंगावर घेतली."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. पण लेक हसत नव्हती. ती फोनच्या अगदी जवळ गेली.

"आबा," ती म्हणाली, "म्हंजे हात नीट हाय तुमचा."

कडक मापाडी पकडला गेला होता, आणि त्यानेच दिलेल्या मापाने.

"हात ठीक हाय," शेवटी मामा म्हणाले. "पायच उचलंना गं. तिला इमानात बसायचं होतं. खिडकीपाशी. दोन जागंच्या पैशापायी मी तिला..."

"आबा, आई रागावून न्हाई गेली. ती मला फोनवर हसत सांगायची. म्हणायची, भांडू दे आत्ता, ऐन टायमाला खिडकीच घेतील बघ. मी वळखते त्यांना."

मामांनी फोन ठेवून दिला.

मी दहा दिवसांनी वडवणीला परतलो. बंडी धुऊन, घडी करून मामांना दिली. ती त्यांनी खुंटीला अडकवली नाही. अंगात घातली, खिसे चाचपले आणि म्हणाले, "चला, सेंटरवर जाऊ."

सेंटरवाल्याने एका माणसाचं बंगळूरचं तिकीट भरायला घेतलं. सवयीने त्याने स्वतःच खुणा काढायला सुरुवात केली. विमा काढला. जेवण काढलं. तिसऱ्या खुणेवर त्याचा हात गेला.

"थांब बे," मामा म्हणाले. "ती ऱ्हाऊ दे. खिडकीची घे."

सेंटरवाला वळून बघू लागला. "मामा, पैसे पडतेत त्याला."

"म्हाईत हाय. मीच शिकवलं तुला."

पुढचं मी पाहिलेलं नाही, लेकीने मला फोनवर सांगितलं. दारातून आत येताच मामांनी हातपाय धुतले, बंडी काढली, खाली मांडी घालून बसले आणि दोन्ही तळवे पुढे केले. तिने नात त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले. ती थांबली. गल्लीतल्या सगळ्या पोरांचं वजन पापणी लवते न लवते तोवर सांगणारा तिचा बाप काही बोलेना. पाच मिनिटं गेली. तिचा नवरा चहा घेऊन आला, चहा गार झाला. शेवटी तिनेच विचारलं, "आबा, किती हाय?"

मामांनी डोळे उघडले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "आजून मोजायलोय."